मनगट

लट्रीस गुडविनच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे अलोंझो पेटिफर्डला दिवसातून केव्हाही आठवे. दाढी करताना, ओटमील ढवळताना, वाचता वाचता एखाद्या ओळीवर अडल्यावर. पत्र लांबलचक नव्हतं. एकच पान, हातानं लिहिलेलं. ‘पेटिफर्ड सर, आम्ही मुलींची शाळा काढतो आहोत, हे मिस व्हर्डेलनी तुम्हाला सांगितलंच असेल. सहावीपासून पुढे. पैसा शहराचा, फी नाही, पण नियम आणि माणसं आमची. चार्टर म्हणतात ती. अर्जात मी स्वतःच लिहिलं आहे, की पंधराव्या वर्षी मी शाळेत एका मुलीला आणि एका माणसाला मारलं होतं. शाळामंडळ म्हणतं, त्या माणसाचं म्हणणं आम्हाला लेखी हवं. ते नसेल तर मुख्याध्यापिका दुसरी शोधा आणि पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षापर्यंत इमारत आमच्यासाठी थांबणार नाही. सर, माफ केलं असं लिहू नका. जे आहे ते लिहा. विरुद्ध लिहिलंत तरी मी ते तसंच त्यांच्यापुढे ठेवीन.’

‘एका माणसाला’ या शब्दांशी तो दर वेळी थांबे. तो माणूस म्हणजे आपण, हे त्याला माहीत होतं, पण तिच्या अक्षरात ते वाचताना त्याचा डावा जबडा कानाच्या मुळापासून दुखू लागे. त्या कानानं त्याला सव्वीस वर्षांत काही ऐकू आलेलं नव्हतं. पत्र त्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं आणि कोट अंगावर असेपर्यंत ते बरगडीला लागत असे. किती तरी वेळा तो कागद घेऊन बसला. ‘प्रिय मिस गुडविन’ लिहून झालं की पुढं काय खरं आणि काय शोभेसं, हे त्याला ठरवता येईना. आयुष्यभर त्यानं इतरांची वाक्यं कपाटात लावली होती. स्वतःचं एक वाक्य मांडायची वेळ आली, की आपल्याला काही म्हणायचंच नाही अशी त्याची खात्री होई.

“हो म्हण, नाही तर नाही म्हण, लॉनी,” व्हर्डेल सकाळीच म्हणाली होती. ती त्याची थोरली बहीण. घर तिचं, स्वयंपाकघर तिचं, आणि वरच्या खोलीत झोपलेली नात नायलाही तिचीच. “ती बाई दारात उभी आहे आणि तू आत बसून पुस्तक वाचतोयस.”

“मी विचार करतोय.”

“डॉरेथाशी लग्न करायचाही तू असाच विचार करत होतास. ती बिचारी कंटाळून डेलावेअरला गेली आणि दुसऱ्याची बायको झाली.”

व्हर्डेल चर्चच्या तळघरातल्या बैठकांना जाई आणि घरी येऊन साऱ्यांच्या आवाजांची नक्कल करी. गणवेश कुठल्या रंगाचा, प्रवेशाची सोडत कुणी काढायची, दारात धातू शोधणारी कमान हवी की नको. गेल्या वेळी मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, की रस्त्यावर पोरं मरतायत आणि तुम्ही पोरींसाठी शाळा कसली काढता. त्यावर लट्रीस शांतपणे म्हणाली, “मेलेल्या पोराच्या मागं घर कोण सांभाळतं? बहीण. ती शाळेत कधी जायची, ते सांगा.” व्हर्डेल हे सांगत होती तेव्हा तिचे डोळे चमकत होते. तो मात्र ‘शांतपणे’ या शब्दाशीच अडला होता. लट्रीसचा तो शांतपणा त्यानं फार जवळून पाहिला होता. शाळामंडळापुढची सुनावणी गुरुवारी होती आणि आज सोमवार. व्हर्डेलची नजर टाळायला त्यानं कोट चढवला आणि शहराच्या मध्यावरच्या मोठ्या वाचनालयाकडे जाणारी बस पकडली.

बसमध्ये ओल्या लोकरीचा आणि तळलेल्या कोंबडीचा वास कोंडला होता. चांगला कान लोकांकडे राहील अशा बेतानं तो डाव्या खिडकीला टेकून बसला. समोरच्या आडव्या बाकावर सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी होती. तिनं एका कानातली मोठी वाळी काढली, मग दुसऱ्यातली. दोन्ही रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात घातल्या आणि चेन लावून घेतली. वेण्या गोळा करून मागं घट्ट बांधल्या. मग व्हॅसलीनची लहान डबी काढली आणि बोटानं ते कपाळाला, गालांच्या हाडांना, हनुवटीला चोळू लागली. घाई नव्हती. मागच्या दाराशी दोन मुली एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत उभ्या होत्या. या शहराच्या शाळांमध्ये ज्यानं एक हिवाळा काढला त्यालाही हे सांगावं लागत नाही. कानातलं काढायचं, कारण ते ओढून पाळी फाडतात. केस बांधायचे, कारण मुठीत धरून डोकं जमिनीवर आपटतात. चेहऱ्याला व्हॅसलीन, म्हणजे नखं घसरतात. पोरगी तोंडाला चोपडू लागली की शिक्षक वर्गाचं दार लावून घेत. बस वळली आणि मागच्या त्या दोघी हसत हसत पुढं लवंडल्या. समोरच्या मुलीनं मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा चमकत होता.

लट्रीसचाही असाच चमकत होता. टेकडीवरच्या त्या हायस्कूलच्या ग्रंथालयात, ज्ञानकोशांच्या टेबलाशी, फेब्रुवारीतल्या सकाळी. हिवाळ्यात सगळ्यांचीच कातडी पांढरी पडते, सगळेच काही ना काही लावतात, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. तो नुकताच तिथं ग्रंथपाल म्हणून आला होता, त्याआधीची वर्षं त्यानं एका शांत महाविद्यालयाच्या तळघरात काढली होती. मुलींशी काय बोलावं हे त्याला कळत नसे, पण त्या दिवशी तो धीर करून म्हणाला, “आज टवटवीत दिसतेस.” तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग रेने आत आली. रेने लट्रीसच्या आईबद्दल काही तरी बोलली होती; ती आई त्या वर्षी रस्त्याच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकांसाठी उभी राहू लागली होती आणि ते साऱ्या वस्तीला माहीत होतं. लट्रीस उठली, तिनं बाहीतून एक पायमोजा काढला, लांब, पांढरा, आणि त्याच्या टोकाला काही तरी जड लोंबत होतं. शाळेनंच कपाटाला दिलेलं कुलूप. पहिला फटका रेनेच्या तोंडावर बसला. आवाज ओल्या लाकडासारखा आला. रेने उघड्या नकाशावर पालथी पडली आणि तिनं डोकं उचललं तेव्हा निळ्या समुद्रावर तिचे दात होते, दोन, आणि एकाचा तुकडा. तो मधे गेला. आपण मधे का गेलो हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही, पाय गेले. कुलूप त्याच्या कानावर आलं. आधी सगळं पांढरं झालं, मग एका बाजूचं जग कुणी तरी दार ओढून घ्यावं तसं बंद झालं. तो गुडघ्यांवर होता. त्याला वाटलं, आता ती थांबेल. तिनं पुन्हा हात उचलला आणि कुलूप त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर घातलं. हाड मोडल्याचं त्यानं कानानं नव्हे, दातांत ऐकलं. आणि वर तिचा चेहरा, तेलकट, स्वच्छ, शांत. भांडी घासताना बाईचा असतो तसा. तो चेहरा रागानं वाकडा झालेला असता, तर त्याला पुढं झोप लागली असती.

“नको,” तो म्हणाला. बस चालत होती. तो उभा होता आणि समोरच्या मुलीचं मनगट त्याच्या मुठीत होतं. “नको, पोरी. नको.”

“सोडा.” तिला आधी कळलंच नाही. मग ती मागं सरकली. “ए, सोड म्हणते ना. कोण तू?”

त्यानं सोडलं नाही. मनगट बारीक होतं, व्हॅसलीननं बुळबुळीत, आणि ते निसटू लागलं तसा त्यानं अंगठा आत रुतवला. आतली दोन हाडं एकमेकांवर सरकताना त्याला कळली. आपण तिला वाचवतो आहोत, असं तो मनात म्हणत होता, शब्द अगदी स्पष्ट होते. पण हात त्याच्या ऐकण्यातला राहिला नव्हता. हाताला हे काम पाठ होतं. हातानं मनगट बाहेरच्या बाजूला पिरगळलं, आणखी थोडं, मुलीचा खांदा खाली गेला, तोंड उघडलं, डबी पडून गडगडत गेली, आणि अलोंझोला छातीच्या आत एक गोड, ऊबदार सैलपणा जाणवला. किती वर्षांची तहान भागावी तसा. तो अजून पिरगळणार होता.

मागून कुणी तरी त्याची कॉलर धरली. बांधकामावरचं पिवळं जाकीट घातलेला माणूस होता. त्यानं अलोंझोला उचलून उभ्या दांडीवर आपटलं. ओठ दातांवर चिरडला. “काय करतोयस, म्हाताऱ्या? आँ? पोरीला हात लावतोस?” पुन्हा एकदा आपटलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. सगळे एकदम बोलू लागले. एक बाई म्हणत होती, याच्या घरी कळवा, याचं डोकं फिरलंय, माझ्या दिराचंही असंच झालं होतं.

“ती मारामारी करणार होती,” तो म्हणाला. तोंडात रक्त भरल्यामुळे शब्द फुटत होते. “तिनं कानातलं काढलं. तोंडाला लावलं.”

त्याला काय म्हणायचंय ते साऱ्यांना कळलं. मग मागच्या दोघींपैकी एक फिस्सकन हसली. “आजोबा, मारामारी कुणाशी? आमच्याशी? आम्ही तर तिला ओळखतही नाही.”

मुलगी मनगट पोटाशी धरून बसली होती. तिच्या चमकत्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज रडका नव्हता. “कामावर चाललेय मी,” ती म्हणाली. “हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. पहिला दिवस आहे. तिथं कानातलं चालत नाही. आणि थंडीनं तोंड राखेसारखं झालंय, तसंच जाऊ का?” तिनं बाही वर करून पाहिलं. चार बोटांचे वळ उठत होते. मग तिनं त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही शाळेत कामाला होतात ना? मला वाटलंच. असं शाळेतलेच धरतात.”

पिवळ्या जाकिटानं त्याला दारातून खाली ढकललं. बस गेली.

तो चालत निघाला. वाऱ्यानं ओठावरचं रक्त गारठून घट्ट होत होतं. पायऱ्या संगमरवराच्या आणि दारं फळ्यांनी ठोकलेली, अशा घरांच्या रांगा तो ओलांडत होता. एका कोपऱ्यावर खांबाला फुगे आणि कापडी अस्वलं बांधली होती, तिथं मेलेल्या कुण्या पोरासाठी. अस्वलं बर्फानं कडक झाली होती. त्याला लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण लाजेच्या खाली तो सैलपणा अजून होता, हातापायांत, गरम दूध प्यायल्यासारखा. त्याला तो ओळखीचा होता, हे सगळ्यांत वाईट. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं शोधून काढलं होतं, की चांगला कान उशीत दाबून झोपलं तर जग पूर्ण बंद होतं. त्या बंद जगात तो लट्रीसला मारी. कधी तिच्याच कुलपानं, कधी खिडक्या उघडायच्या लोखंडी आकड्यानं, कधी शब्दकोशाच्या जड लाकडी घडवंचीनं. मनगट धरून पिरगळण्यापासून सुरुवात होई. ती कायम पंधरा वर्षांची असे. ती कधी रडत नसे, म्हणून त्याला थांबता येत नसे. तिचे दात पडत, चेहरा फुटे, तरी त्यावरचा तो शांतपणा पुसला जाईना. मग केव्हा तरी झोप लागे आणि सकाळी उठून तो टाय बांधून मुलांना पुस्तकं द्यायला जाई. वर्षांमागून वर्षं. दयेवर, क्षमेवर लिहिलेलं जे जे मिळालं ते सगळं त्यानं वाचलं, समासात पेन्सिलीनं खुणाही केल्या. काही चिकटलं नाही. तो खटल्याच्या वेळी कोर्टात गेला नव्हता. चर्चमध्ये लोक म्हणाले, पेटिफर्ड म्हणजे संतच, पोरीचं वाटोळं व्हायला नको म्हणून साक्ष दिली नाही. त्यामुळेच ती दीड वर्षात सुधारगृहातून सुटली, असंही म्हणत. खरं असं होतं, की चार लोकांसमोर उभं राहून बोलायचं या कल्पनेनं त्याला आदल्या दिवशी वांत्या सुरू झाल्या होत्या. त्यानं कुणालाच दुरुस्त केलं नाही. संत म्हणवून घेणं बरं वाटत होतं, आणि दुरुस्त करायलाही बोलावंच लागलं असतं.

असं शाळेतलेच धरतात. या वाक्याभोवती तो फिरत राहिला. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. एखादीनं कापड चिमटीत धरून सुती आहे म्हणावं, तसं म्हटलं होतं. म्हणजे तिला आधी कुणी तरी असं धरलं होतं, वर्गाच्या दारात, जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत, पुष्कळदा, आणि वाचवण्यासाठीच. आपणही त्यांतलेच होतो का? त्यानं आठवून पाहिलं. हात धरून किती जणींना बाहेर नेलं होतं, ‘चल, चल’ म्हणत. त्यांची मनगटं कशी होती, याची त्याला काहीही आठवण नव्हती.

घरी नायला स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती. शाळेचा बॉयलर बिघडल्यामुळे मुलांना परत पाठवलं होतं. व्हर्डेलनं त्याच्याकडे पाहिलं, फ्रीजमधून मटारची गोठलेली पिशवी काढली आणि त्याच्या तोंडावर दाबली.

“लॉनी अंकल, कुणी मारलं?” नायलानं विचारलं. ती अकरा वर्षांची होती आणि प्रश्न सरळ विचारी.

“बसमधल्या एका माणसानं.”

“का?”

व्हर्डेल म्हणाली, “दम घेऊ दे त्याला.”

“मी एका मुलीचा हात पिरगळला,” तो पिशवीआडून म्हणाला.

नायला म्हणाली, “मग बरोबर मारलं.”

“नायला!” व्हर्डेलनं दटावलं.

“बरोबर बोलतेय ती,” तो म्हणाला.

“तिनं काय केलं होतं?” नायलानं विचारलं.

“काही नाही. तोंडाला व्हॅसलीन लावत होती.”

“मग तू सॉरी म्हणालास?”

“बस निघून गेली.”

नायलानं मान हलवली, म्हणजे मोठ्या माणसांचं हे असंच असतं, अशी. व्हर्डेल खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. “लॉनी, तुला झालंय काय? तू माशी मारत नाहीस.”

“मारतो,” तो म्हणाला. “रोज मारतो. तुला माहीत नाही.” आणि मग, हे वाक्य तोंडातून गेलंच आहे तर, त्यानं कागद मागितला.

लिहायला वेळ लागला नाही, याचं त्याला नवल वाटलं. काय घडलं ते त्यानं आधी लिहिलं: कुलूप, रेने, कान, हाड. तिनं मी पडल्यावरही मारलं, हेही लिहिलं. मग लिहिलं, ‘मी साक्षीला आलो नाही ती दया नव्हती. मला लोकांसमोर बोलता येत नाही. याचं श्रेय मी सव्वीस वर्षं फुकट घेतलं. मिस गुडविन, मला तुमची अजून भीती वाटते. आणि त्या दिवसापासून मी तुम्हाला मनात मारत आलो आहे. तुम्ही दोनदा मारलंत. माझं मला मोजता येणार नाही. आज सकाळी बसमध्ये मी एका अनोळखी मुलीचं मनगट त्याच सवयीनं पिरगळलं. ती कामावर चालली होती. मंडळानं माझं मत मागितलं आहे. ज्या मुलीनं पंधराव्या वर्षी हात उचलला, तिच्या हाती मुली द्याव्यात का? तुम्ही आपल्या हातांबद्दल स्वतःहून अर्जात लिहिलंत. मी वीस वर्षं शाळांमधून मुलींमध्ये वावरलो, माझ्या हातांबद्दल कुणी काही लेखी मागितलं नाही, आणि मीही दिलं नाही. मला वाटतं शाळा तुम्ही चालवावी. दारातल्या कमानीबद्दल मला मत नाही. पण मुलीला आवरायची वेळ आली, तर तिला कुठं धरायचं आणि केव्हा सोडायचं, हे तुमच्या मास्तरांना आधी शिकवा. आम्हाला ते कुणी शिकवलं नाही. हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला माझी हरकत नाही. मी मागच्या रांगेत असेन. मला बोलायला लावू नये.’

व्हर्डेलनं ते वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिनं चष्मा काढून पुसला. “हे वाचून ते तिला शाळा देतील असं वाटतं तुला?”

“माहीत नाही.”

“चर्चमध्ये तुला यापुढं कुणी संत म्हणणार नाही.”

“नाही म्हणणार.”

“दुसरं लिही, लॉनी. साधं. चार ओळी. ती चांगली बाई आहे, संपलं. तेवढं पुरतं त्यांना.”

त्यानंही तोच विचार केला होता. चार ओळींनी शाळा मिळाली असती आणि या पानानं कदाचित जाईल. मंडळातली माणसं ‘पडल्यावरही मारलं’ इथंच थांबतील. पण लट्रीसनंच लिहिलं होतं, जे आहे ते लिहा. त्यानं पेन उचललं आणि खाली एक ओळ वाढवली: ‘आमची नायला सप्टेंबरमध्ये सहावीला जाईल. सोडतीत तिचं नाव घालावं.’ मग त्यानं व्हर्डेलकडे पाहिलं. नायला तिची होती, विचारायला हवं होतं.

व्हर्डेलनं ओळ वाचली. तिनं नायलाकडे पाहिलं; ती मटारच्या पिशवीवर बोटानं रेघा ओढत होती. “आडनाव लिही तिचं,” व्हर्डेल म्हणाली. “नायला दोन असतील तर?”

त्यानं आडनाव लिहिलं, पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. ओठ सुजल्यामुळे जिभेला पाकिटाच्या डिंकाची चव नीट कळली नाही. दंगलीच्या वर्षी जळालेल्या औषधाच्या दुकानासमोर पोस्टाची पेटी होती. दुपारची टपालगाडी यायला अवकाश होता. रस्त्यावर शाळेतून परतलेल्या मुली बर्फाचे गोळे करून एकमेकींना मारत होत्या. नेम धरून, जोरात, तोंडावर. एक गोळा त्याच्या पाठीत बसला. त्याचे खांदे कानांपर्यंत वर आले. तो वळला नाही. पेटीचं झाकण ओढून त्यानं पाकीट आत सोडलं, हात बाहेर घेतला, आणि झाकण पुन्हा एकदा उघडून पाहिलं. पाकीट खाली गेलं होतं.